जबड्याची शस्त्रक्रिया : ऑपरेशन काही तासांचं, तयारी दीड-दोन वर्षांची

कुणाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, कुणाची हनुवटी आत गेलेली असते. कुणाचे पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे चपातीचा घास तोडता येत नाही. कुणाचा चेहरा एका बाजूला झुकलेला असतो. घरात हे सगळ्यांना दिसतं, पण बोलत कुणी नाही. बोलणं निघालंच तर ‘अल्लाहने दिलं ते दिलं’ नाहीतर ‘लग्नानंतर बघू’ एवढ्यावर थांबतं. दुसरीकडे काही घरांत मोबाईलवर आधीचे आणि नंतरचे फोटो पाहून ‘आठवड्यात चेहरा बदलतो’ असा समज होतो. हे दोन्ही बरोबर नाही.

जबडा सरळ करण्याची शस्त्रक्रिया आपल्या राज्यात अनेक वर्षांपासून होते. ऑपरेशन थिएटरमधलं काम सर्जनचं असतं आणि ते काही तासांत संपतं. त्याच्या आधीचं वर्ष-दीड वर्ष आणि नंतरचे दोन महिने मात्र पेशंट आणि त्याच्या घरच्यांचे असतात. शस्त्रक्रिया नीट झाली, पण घरी खाण्याचे आणि तोंड साफ ठेवण्याचे हाल झाले, तर पेशंटला विनाकारण त्रास सोसावा लागतो. म्हणून घरच्यांना काय माहीत असायला हवं, ते आम्ही इथे क्रमाने देत आहोत. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं, कारण तुमचा एक्स-रे त्यांनी पाहिलेला असतो.

ही शस्त्रक्रिया कुणाला लागते?

दात वाकडे असतील आणि जबड्याचं हाड जागेवर असेल, तर नुसत्या तारांनी म्हणजे ब्रेसेसने काम होतं. पण हाडच लहान, मोठं किंवा तिरकं असेल तर तारा दात हलवतात, हाड हलवत नाहीत. अशा वेळी शस्त्रक्रिया सुचवली जाते. कारणं साधारण अशी असतात : नीट चावता न येणं, पुढच्या दातांत कायम फट राहणं, ओठ मिटायला जोर लावावा लागणं, काही अक्षरांचा उच्चार नीट न होणं, जबडा मागे असल्यामुळे झोपेत श्वास अडकणं. जन्मतः टाळू किंवा ओठ फाटलेल्या मुलांचा वरचा जबडा पुष्कळदा कमी वाढतो. त्यांच्यापैकी अनेकांना मोठेपणी हे ऑपरेशन लागतं.

लहानपणी हनुवटीवर पडल्यामुळे कानापुढचा सांधा जखडला असेल आणि तोंडच उघडत नसेल, तर तो आजार वेगळा. त्याचं ऑपरेशनही वेगळं आणि त्यासाठी मोठं होईपर्यंत थांबायचं नसतं. असं मूल घरात असेल तर लगेच दाखवा.

हा इलाज आहे की शौक, हा प्रश्न आपल्या घरांत येतोच. नुसती हौस म्हणून रूप बदलणं वेगळं आणि खाता, बोलता, श्वास घेता येत नाही म्हणून दोष दुरुस्त करणं वेगळं, हा फरक उलेमा करत आले आहेत. सहाबी अरफजा बिन असद यांचं नाक लढाईत कापलं गेलं, तेव्हा रसूलुल्लाह ﷺ यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं, ही हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. पुरुषाला सोनं वापरायची एरवी मनाई असते, हे लक्षात घेतलं की या परवानगीचं वजन कळतं. तरीही मनात शंका असेल तर डॉक्टरांकडून त्रास लिहून घ्या आणि तो कागद आपल्या आलिमांना दाखवून विचारा. नुसतं ‘चेहऱ्याचं ऑपरेशन’ असं सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पूर्ण भूल देतात. नळी बहुतेक वेळा नाकातून घालतात, कारण सर्जनला तोंड मोकळं हवं असतं. चिरे तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर मोठी खूण राहत नाही. स्क्रू बसवण्यासाठी क्वचित गालावर एक बारीक छेद घ्यावा लागतो. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा कापून मोकळा करतात आणि ठरलेल्या जागी बसवतात. कागदावर याला ‘ले फोर्ट वन’ लिहिलेलं दिसेल. रेने ले फोर्ट या फ्रेंच डॉक्टरांनी १९०१ मध्ये चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर तुटतात हे मांडलं, त्यावरून हे नाव आलं. खालचा जबडा दोन्ही बाजूंना मागच्या दाढांजवळ उभा चिरतात आणि हाडाचे दोन थर एकमेकांवर सरकवून तो पुढे किंवा मागे घेतात. ही पद्धत ऑस्ट्रियन सर्जन ह्यूगो ओब्वेगेसर आणि त्यांचे गुरू ट्राउनर यांनी १९५७ मध्ये जगापुढे आणली. जोडीला काहींची हनुवटीही सरकवतात.

हाडं टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी जोडतात. या पट्ट्या येण्याआधी वरचे-खालचे दात तारेने पक्के बांधून पेशंटला सुमारे सहा आठवडे तोंड बंद ठेवावं लागायचं. ‘तोंड शिवतात’ ही भीती त्या काळातली आहे. आता बहुतेकांना तारेऐवजी ब्रेसेसवर रबर लावतात. पट्ट्या एरवी कायम आतच राहतात, त्रास झाला तरच काढतात. एका जबड्याचं काम साधारण दोन-तीन तासांचं, दोन्ही जबडे असतील तर चार-पाच तासांचं.

वय कोणतं?

जबड्याची वाढ थांबल्यावर. मुलींमध्ये ती साधारण १६ ते १८ आणि मुलांमध्ये १८ ते २१ या वयात थांबते. खालचा जबडा पुढे असेल तर डॉक्टर जास्तच थांबतात, कारण तो उशिरापर्यंत वाढत राहतो. घाईने ऑपरेशन केलं आणि नंतर हाड वाढलं, तर दुसरं ऑपरेशन करायची वेळ येऊ शकते. म्हणून १३ वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन करून टाका असा आग्रह धरू नका. पण दाखवायला मात्र याच वयात न्या. काही दोष वाढीच्या वयातच दातांच्या उपकरणांनी कमी करता येतात.

आधीची तयारी : वर्ष ते दीड वर्ष

या इलाजाला दोन डॉक्टर लागतात. तारा लावणारे ऑर्थोडोंटिस्ट आणि ऑपरेशन करणारे ओरल अँड मॅक्सिलोफेशिअल सर्जन. दोघांनी मिळून प्लॅन केला आहे ना, हे पहिल्याच भेटीत विचारा.

ऑपरेशनआधी साधारण १२ ते १८ महिने ब्रेसेस असतात. या काळात दात आपापल्या हाडावर सरळ उभे केले जातात, त्यामुळे जबड्याचा दोष कमी न दिसता उलट जास्त दिसू लागतो. खालचा जबडा आणखी पुढे आल्यासारखा वाटतो. घरचे इथे घाबरतात आणि ‘डॉक्टरने बिघडवलं’ म्हणून इलाज सोडतात. हा टप्पा असाच असतो. तो मुलाला, आणि रोज येणाऱ्या-जाणाऱ्या खालाजान-फुफीजाननाही, आधीच समजावून सांगा. काही पेशंटमध्ये ऑपरेशन आधी आणि तारा नंतर असाही मार्ग घेतात, पण तो सगळ्यांना चालत नाही.

ब्रेसेस असताना रोजा ठेवता येतो. इफ्तारला खजूर हाताने फोडून, बी काढून खा. दाताने हाडं चावणं, भाजलेले चणे, सुकामेवा आणि बर्फ टाळा. सहरीनंतर ब्रश केल्याशिवाय झोपू नका, कारण तारांत अडकलेलं अन्न दिवसभर दात खातं.

अक्कलदाढा खालच्या जबड्याच्या चिऱ्याच्या वाटेवर असतील तर बरेच सर्जन त्या सहा महिने आधी काढायला सांगतात, म्हणजे तिथलं हाड भरून येतं. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या यांचं कामही आधीच उरकायचं.

तंबाखूबद्दल स्पष्टच लिहितो. सिगारेट, बिडी, गुटखा, मावा, सुपारी आणि मिश्री, सगळं बंद करायला लागतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे मोहल्ल्यात कुणाला सांगावं लागत नाही. तंबाखूमुळे जखमेला रक्त कमी पोचतं, हाड उशिरा जुळतं आणि जंतुसंसर्ग वाढतो. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होऊन तोंड कमी उघडत असेल, तर भूल देतानाच अडचण होते. मुलगा लपवून खात असेल तर त्याने निदान डॉक्टरांना तरी एकट्याने खरं सांगावं. घरातल्या बायका मिश्री लावत असतील आणि पेशंट त्यांच्यातलीच असेल, तर ‘ते काही तंबाखू नव्हे’ असं म्हणू नये. मिश्री हा भाजलेला तंबाखूच आहे.

हकीमांचं औषध, काढा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखरेची किंवा थायरॉइडची गोळी, नुकताच केलेला हिजामा, हे सगळं सर्जनला आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन कमी निघालं तर तारीख पुढे जाते. आपल्याकडच्या तरुण मुलींमध्ये ते कमी निघणं नेहमीचंच आहे, म्हणून दोन-तीन महिने आधी तपासून औषध सुरू करा.

खर्च आणि ठिकाण

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात हे दोन्ही विभाग आहेत. पुण्यात आझम कॅम्पसमधलं एम. ए. रंगूनवाला दंत महाविद्यालय आपल्या बऱ्याच घरांना माहीत आहे. दंत महाविद्यालयात वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. पहिली चौकशी तिथे करायला हरकत नाही.

खर्च विचारताना तो वेगवेगळा विचारा : तारा, सीटी स्कॅन, पट्ट्या आणि स्क्रू, भूल, खोली, औषधं. नुसता ‘पॅकेज’ आकडा ऐकून गप्प बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरण्याआधी विचारा. आरोग्य विमा असेल तर कंपनी याला ‘सौंदर्याचं’ किंवा ‘दातांचं’ काम म्हणून नाकारू शकते. चावणं, श्वास, बोलणं यांतला त्रास लिहिलेलं सर्जनचं पत्र जोडून आधीच लेखी मंजुरी मागा. ऑपरेशननंतर भांडून फायदा होत नाही.

तारीख कशी ठरवायची?

ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे पातळ आणि मऊ खाण्याचे असतात. त्यातले पहिले काही आठवडे दर दोन-तीन तासांनी पोटात काही जावं लागतं आणि औषधंही वेळेवर लागतात. रोजा या काळात जमत नाही. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर कजा करायची सवलत कुरआननेच दिली आहे. तरी तारीख आपल्या हातात असेल तर रमजानच्या दोन महिने आधी किंवा ईद झाल्यावर घ्या, म्हणजे पेशंटलाही सगळ्यांच्या इफ्तारला नुसतं बघत बसावं लागणार नाही.

बारावी, नीट, कॉलेजच्या परीक्षा यांच्यापासून किमान दोन महिन्यांचं अंतर हवं. लग्न ठरलं असेल तर सहा महिने तरी मध्ये ठेवा. मोठी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, पण चेहरा पूर्ण बसायला सहा महिने ते वर्ष लागतं. उमराहचा विचार असेल तर तो बरं झाल्यावर करा. चेहरा खूप बदलला तर पासपोर्टचा फोटोही बदलून घ्यावा लागतो, हेही आधी ध्यानात असू द्या.

घरात आधीच आणून ठेवा

मिक्सर आणि बारीक गाळणी. ५० मिलीची सिरिंज आणि तिला लावायची मऊ नळी. लहान मुलांचा मऊ ब्रश. डॉक्टरांनी सांगितलेलं माउथवॉश. ओठांना लावायला व्हॅसलीन, कारण ताणामुळे ओठ फाटतात. बर्फाच्या पिशव्या. दोन-तीन जादा उशा. जुने टॉवेल, कारण पहिले दिवस लाळ आणि रक्ताचा अंश येतो. लिहायला पाटी किंवा वही. रबर कापायची बारीक कात्री, जी पेशंटच्या उशाशीच राहील. तारेने दात बांधले असतील तर वायर कटर, आणि कुठली तार कापायची ते डॉक्टरांकडून हाताने दाखवून घ्या.

दाढी ठेवणाऱ्यांनी सर्जनला आधीच विचारावं. चिरे आतून असल्यामुळे पुष्कळदा दाढी बारीक केली तरी भागतं, पण नळी चिकटवायला आणि त्वचा साफ करायला किती काढावी लागेल ते त्यांनाच ठरवू द्या. नाकातली चमकी, कानातले, नखांचा रंग काढावा लागतो. मुलगी पेशंट असेल तर रात्री सोबत बाईमाणूस राहू शकेल ना, हे दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

दवाखान्यातले दिवस

पहिली रात्र सगळ्यांत अवघड. नाक चोंदलेलं, घसा नळीने दुखलेला, तोंड रबराने अडवलेलं. श्वास कोंडल्यासारखं वाटतं, पण दातांच्या फटींतून हवा जात असते. पेशंटला हे आधीच सांगितलेलं असेल तर तो घाबरत नाही. गिळलेल्या रक्तामुळे पहिल्या दिवशी काळपट उलटी होऊ शकते. अशा वेळी पेशंटला बसतं करून पुढे वाकवा. पोटात पातळच असतं, ते दातांच्या बाजूने बाहेर येतं.

वेदना लोकांना वाटते त्याहून कमी असतात, कारण बराच भाग बधिर झालेला असतो. सूज मात्र वाटते त्याहून जास्त येते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरू लागते. गाल, मान, कधी छातीपर्यंत निळे-पिवळे डाग उतरतात, तेही आपोआप जातात. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा-थोडा वेळ लावतात. कातडी बधिर असल्याने बर्फ चटकतोय हे पेशंटला कळत नाही, म्हणून घड्याळ घरच्यांनी बघायचं. बहुतेकांना दोन ते चार दिवसांत घरी सोडतात.

खाणंपिणं : घरच्यांचं खरं काम

वजन तीन-चार किलो उतरणं नवलाचं नाही. त्याहून जास्त उतरू नये यासाठी स्वयंपाकघर कामाला लावायचं. सुरुवातीला सगळं गाळणीतून जाईल इतकं पातळ असावं. पण नुसतं पाणी, चहा आणि नारळपाणी देऊन हाड जुळत नाही. प्रथिनं लागतात.

आपल्या घरात यासाठी भरपूर आहे. मटणाच्या नळीची किंवा चिकनची यखनी, त्यात थोडं शिजलेलं मांस मिक्सरला फिरवून गाळलेलं. हलीम किंवा खिचडा मिरची न घालता केलेला, पाणी घालून पातळ केलेला. दालच्याची डाळ. नाचणीचं सत्त्व दुधात. पातळ फिरनी. खजूर दुधात शिजवून गाळलेला. दही, ताक, केळ्याची लस्सी. कोकणातल्या घरांत माशाचं पातळ कालवण गाळून, पण काटा एकही नको. प्रत्येक वाटीत चमचाभर साजूक तूप किंवा दुधाची पावडर घातली की तेवढ्याच घोटात ताकद जास्त जाते. गरम नाही, कोमट द्या. ओठ बधिर असताना भाजलेलंही कळत नाही.

एका वेळी वाटी-दीड वाटी, दर दोन तासांनी. दिवसभरात दोन लिटर तरी पातळ पोटात गेलं पाहिजे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. स्ट्रॉने ओढून पिणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. औषधं सिरपच्या रूपात मागा. गोळी असेल तर ती कुटून चालेल का ते विचारा, कारण सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल ज्यांना शंका असते, त्यांचा प्रश्नही सिरपमुळे बहुधा सुटतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की मऊ खिमट, मऊ भात आणि डाळ, उकडलेलं अंडं कुस्करून, बारीक खिमा, दुधात भिजवलेलं सांदण. नेहमीची भाकरी, सीख कबाब, नळीचं हाड यांना तीन महिने तरी थांबा.

तोंडाची सफाई

प्रत्येक वेळी काही प्यायल्यावर चूळ भरायची. ब्रश कधी सुरू करायचा ते डॉक्टर सांगतील, सहसा पहिल्या काही दिवसांतच. टाक्यांना धक्का न लावता, आरशात बघून, फक्त दात आणि तारा. मिस्वाक या काळात नको. तिचा कडक धागा ताज्या जखमेला लागतो. टाके बहुधा आपोआप विरघळतात.

वरच्या जबड्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. नाकातून थोडं रक्त येणं चालतं, धार लागणं चालत नाही.

नमाज, वुजू आणि गुस्ल

पहिले दोन आठवडे खाली वाकल्याने चेहऱ्यात रक्त उतरतं, ठणका आणि रक्तस्राव वाढतो. सर्जनने वाकायला मना केलं असेल तर बसून, सजदा इशाऱ्याने करून नमाज होते. ही सवलत आजाऱ्यासाठीच आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

वुजूमध्ये कुल्ली करणं आणि नाकात पाणी घेणं हनफी आणि शाफई दोन्ही फिकहांत सुन्नत आहे, फर्ज नाही. त्यामुळे नाकात पाणी ओढायला मनाई असताना ते सोडलं तरी वुजू होतो. गुस्लमध्ये मात्र हनफींकडे या दोन्ही गोष्टी फर्ज आहेत, शाफईंकडे नाहीत. डॉक्टरांची मनाई नेमकी कशाला आणि किती दिवस आहे हे लिहून घ्या आणि गुस्लबद्दल, तसंच थुंकीत रक्त येत असताना वुजूचं काय याबद्दल, आपल्या इमामसाहेबांना विचारा.

नकाब घालणाऱ्या मुलींनी सुजेच्या दिवसांत सैल, पातळ कापडाचा घ्यावा. इलॅस्टिकची पट्टी गालावर दाबता कामा नये.

दुसरा ते आठवा आठवडा

डोकं उंच ठेवून झोपणं दोन आठवडे. कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपायचं नाही. घरात चालणं दुसऱ्या दिवसापासूनच चांगलं. कॉलेज किंवा बैठं काम दोन-तीन आठवड्यांनी, वजन उचलण्याचं काम सहा आठवड्यांनी, क्रिकेट-फुटबॉल तीन महिन्यांनी आणि तेही डॉक्टरांना विचारून.

रबर रोज बदलायचे असतात आणि ज्या हुकांवर सांगितलेत तिथेच लावायचे. ते स्नायूंना नवी जागा शिकवतात. ‘आज राहू दे’ असं दोन-चार दिवस झालं की दातावर दात बसणं चुकू लागतं. सुमारे सहा आठवड्यांत हाड बऱ्यापैकी जुळतं आणि तोंड उघडण्याचे व्यायाम वाढवतात. सुरुवातीला दोन बोटंही जात नाहीत, पुढे तीन जाऊ लागतात. ब्रेसेस त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर राहतात. त्या निघाल्यावर रिटेनर वापरला नाही तर दात पुन्हा सरकतात.

खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा जवळजवळ प्रत्येकाला येतो, कारण खालच्या जबड्याची नस चिऱ्याच्या अगदी शेजारून जाते. मुंग्या येणं, टोचल्यासारखं होणं ही पुष्कळदा नस जागी होत असल्याची खूण असते. बहुतेकांना महिन्यांत ते वर्षभरात बरं वाटतं, काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो. सहीपूर्वी हा धोका समजून घ्या आणि सही मुलाने किंवा मुलीने स्वतः समजून केली पाहिजे. बधिरपणा राहिला तर तो त्यांनाच आयुष्यभर वागवायचा आहे.

मनाचं काय?

पहिल्या दोन आठवड्यांत रडू येतं. भूक लागते पण खाता येत नाही, बोलता येत नाही, झोप नाही आणि आरशात ओळखीचा चेहरा नाही. ‘उगीच केलं’ असं वाटणं फार सामान्य आहे. सूज उतरू लागली की हे मागे पडतं. तोपर्यंत घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. बघायला येणाऱ्यांची रीघ आठवडाभर थांबवा. ‘आधीच बरी दिसत होतीस’ किंवा ‘आता रिश्ता लगेच येईल’ यांपैकी काहीही बोलू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. पेशंटसमोर बिर्याणीचं ताट घेऊन बसू नका. आणि रोज एक माणूस निवांत बसेल, पाटीवर लिहिलेलं वाचेल, एवढं करा. तीन-चार आठवड्यांनंतरही उदासी गेली नाही तर डॉक्टरांना सांगा. तोही इलाजाचाच भाग आहे.

लगेच दवाखाना गाठा

श्वास घ्यायला खरोखर त्रास होणं. रक्ताची धार न थांबणं. १०१ अंशांवर ताप. उतरलेली सूज एका बाजूला पुन्हा वाढणं, पू किंवा घाण वास येणं. दातावर दात बसणं अचानक बदलणं किंवा हाड कट्‌कन वाजल्यासारखं वाटणं. दिवसभर काहीच पिता न येणं. पोटरी दुखून सुजणं किंवा छातीत दुखणं. यांत सकाळची वाट पाहू नका. म्हणूनच दवाखान्यातून निघताना रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

ज्या घरात अशा ऑपरेशनचा विचार चालू असेल, तिथे आमचं एवढंच सांगणं आहे की पहिली बैठक घरातच घ्या. आपल्याला हे कशासाठी करायचंय, दीड वर्ष तारा सांभाळायला मूल तयार आहे का, दोन महिने रात्री दोनला उठून यखनी कोमट करणारं कुणी आहे का, पैसे कुठून येणार? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की मग डॉक्टरांची वेळ घ्या. अल्लाह प्रत्येक आजाऱ्याला शिफा देवो.